दहा पाहुण्यांसाठी पोहे: फोडणीचे की वाफेवरचे?

इंदूरच्या मराठी घरांत पोहे दोन तऱ्हांनी होतात: महाराष्ट्रातून सोबत आलेले फोडणीचे कांदेपोहे आणि या शहराने शिकवलेले, बडीशेप व थोडी साखर घालून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेले वाफेवरचे पोहे. रविवारी सकाळी दहा जणांची मित्रमंडळी न्याहारीला येणार असेल, तर दोन्हींना साधारण पाऊण किलो जाडे पोहे लागतात. खर्चातला फरक पडतो तो पुढे.

कांदेपोह्यांसाठी पाच-सहा कांदे परतावे लागतात आणि तेल सढळ हाताने घालावे लागते. शेंगदाणे आणि ओले खोबरे वेगळेच. वाफेवरच्या पोह्यांना दोन-तीन चमचे तेल पुरते आणि दोन कांदे बारीक चिरून वरून कच्चेच पेरले की भागते. मात्र शेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) यांवाचून ते अपुरे वाटतात, त्यामुळे वाचलेल्या पैशांतला काही भाग नमकीनच्या दुकानात जातोच.

माझा कौल वेळेच्या हिशेबाने ठरतो. पाहुणे क्वचितच एकत्र येतात, आणि उशिरा येणाऱ्यासाठी पुन्हा गरम केलेले कांदेपोहे कडेने कोरडे व चिवट होतात. वाफेवरचे पोहे मात्र तासाभराने झाकण उघडले तरी मऊ आणि मोकळे असतात, दाण्यांवर ओल चमकत असते आणि वाटीभरही वाया जात नाहीत. चारच माणसे असतील, आणि सगळी वेळेवर येणारी, तर मी आजही कढईत मोहरी तडतडवते, कारण परतलेल्या कांद्याचा गोडवा वाफेला येत नाही.