बहिणीची सही: हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, वाटणी की नुसतं संमतीपत्र?

वडील गेले, वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर भावांच्या बरोबरीनं बहिणींची नावं चढली. मग विकास सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करायची वेळ येते आणि भावाचा फोन येतो, "ताई, एक सही लागतेय." वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, कुठंही जा, हे घरोघरचं आहे. ताई येते, सही करते, साडीचोळी घेऊन सासरी जाते. कागदावर नक्की काय सोडलं, हे बऱ्याचदा तिलाही माहीत नसतं आणि भावालाही.

म्हणून पहिला प्रश्न कागदाचा नाही, कामाचा: सही कशासाठी हवी आहे?

कर्जासाठी हवी असेल तर संमतीपत्र पुरतं. सातबाऱ्यावर एकापेक्षा जास्त नावं असली की बाकीच्या खातेदारांची संमती मागतात, एवढंच. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे भावानं उचलायचे असतील, तर त्या रकमेपुरती संमती देता येते. उरलेल्या रानातला हिस्सा तसाच राहतो. कचेरीच्या चकरा ताईला जमत नसतील तर ठरावीक कामापुरतं कुलमुखत्यारपत्र द्यावं, ते रद्दही करता येतं. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त घरांची अडचण इथंच मिटण्यासारखी असते. तरी हक्कसोडपत्र होतं, कारण ते स्वस्त पडतं आणि "एकदाच काय ते करून टाकू" हे वाक्य सगळ्यांना आवडतं.

स्वस्त आहे हे खरं. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा सख्ख्या भावाच्या लाभात, मोबदला न घेता सोडला तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते २०० होतं. मोबदला घेतला तर मात्र खरेदीखतासारखं शुल्क लागतं. म्हणून हातात पैसे देऊन कागदावर "विनामोबदला" लिहायची पद्धत पडली आहे. त्यात तोटा बहिणीचाच: उरलेली रक्कम भावानं दिली नाही, तर तिच्या हातात पुरावा काय?

स्वस्त असलं तरी हा कागद फिरत नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव झाल्याचं दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि कळल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. उलट बाजूही आहे. नोटरीकडं केलेला हक्कसोडीचा कागद किंवा तलाठ्यापुढचा जबाब यानं स्थावरातला हक्क जात नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं दुय्यम निबंधकाकडं नोंदणी लागते. अशा कच्च्या कागदावर विसंबून विहीर पाडणाऱ्या, द्राक्षबाग लावणाऱ्या भावांनीही हे ध्यानात घ्यावं.

मसुद्यात सगळ्यात आधी मिळकतीचं वर्णन वाचा. गट नंबर लिहून झाल्यावर "व इतर सर्व स्थावर मिळकती" अशी शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीत गावातलं घर जातं, सांगलीतला प्लॉट जातो. हक्क काही गटांपुरताच सोडता येतो. रान सोडा, घरातला हिस्सा ठेवा. कायद्याची काही हरकत नाही. कुणाच्या लाभात सोडता तेही नावानिशी हवं, नाहीतर तो हिस्सा उरलेल्या सगळ्या सहहिस्सेदारांत वाटला जातो.

वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवरचा हक्क मुलीकडून लिहून घेणारेही आहेत. जो हक्क अजून मिळालाच नाही तो सोडणार कसा? वडिलोपार्जित जमिनीचं वेगळं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मानंच हिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं. जुन्या सातबाऱ्यांवर बहिणींची नावं "इतर हक्क" रकान्यात दिसतात. रकाना बदलल्यानं हिस्सा कमी होत नाही.

बक्षीसपत्र कधी? घेणारा सहहिस्सेदार नसेल तेव्हा. भावजयीच्या नावे करायचं तर हक्कसोड चालत नाही. पण खर्चात मोठा फरक आहे. मुलगा, मुलगी, नातवंडं यांना शेती किंवा राहतं घर बक्षीस देताना शुल्क नाममात्र, भावाला देताना मात्र बाजारमूल्याच्या ३ टक्के. हिस्सा ४० लाखांचा असेल तर १ लाख २० हजार. भावासाठी हा मार्ग सहसा कुणी घेत नाही ते यामुळंच.

आईचा हिस्सा असेल तर माझं मत कडक आहे. ती साठीपुढची असेल आणि मुलाला देणारच असेल, तर सांभाळ करण्याची अट कागदातच लिहून घ्यावी. मग मुलानं सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून तो कागद रद्द करून मागता येतो. अट तोंडी ठेवली तर ती सिद्ध करता करता आई थकते.

राहिली वाटणी. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्क माफ करायचा निर्णयही मे २०२५ मध्ये झाला. अडचण तुकड्याची: बागायत १० गुंठे, जिरायत २० गुंठे यापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. माण-खटावात, जतेत जिरायत मोठी असते, तिथं जमून जातं. कृष्णाकाठी एकरभर बागायतीत पाच वारस असले की गणित बसत नाही, आणि मग हक्कसोड किंवा सामाईक नाव एवढंच उरतं.

दोन्हीकडं विश्वास असेल आणि जमीन भावच कसत असेल, तर मी नाव ठेवून संमतीपत्र देईन. भाऊ लाखो रुपये घालून पाइपलाइन आणणार असेल आणि ताईला रान खरंच नको असेल, तर हक्कसोड करावं. पण गट नंबरापुरतं, मोबदला ठरला असेल तर तो लिहून आणि शुल्क भरून. जमीन पुनर्वसनात मिळालेली, भोगवटादार वर्ग २ ची (म्हणजे सरकारी अटींवर दिलेली) असेल, तर मसुदा करण्याआधी तहसील कार्यालयात परवानगीचं विचारावं. कोयनेच्या पुनर्वसित गावांत हे हमखास राहून जातं.

नोंदणीनंतर फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाऊन पडू नये म्हणून दस्तात सासरचा पत्ता घालावा, आणि दस्ताची नक्कल ताईनं स्वतःकडं ठेवावी.