फोटोशॉप उघडताना ‘मेमरी कमी’: सेटिंग बदलायची की रॅम वाढवायची?

नाशिकमध्ये लग्नसराई आली की अल्बम आणि फ्लेक्सची कामं एकदम अंगावर येतात, आणि नेमका तेव्हाच फोटोशॉप उघडताना मेमरीचा एरर दाखवतो. अशा वेळी लगेच एमजी रोडला रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची काम करतानाची तात्पुरती मेमरी, आणायला धावू नका.

आधी सी ड्राइव्ह बघा. रॅम पुरली नाही की फोटोशॉप डिस्कवरची जागा वापरतं, तिला स्क्रॅच डिस्क म्हणतात. लग्नाचे रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या मोठ्या मूळ फाइल्स) साठून सी ड्राइव्ह भरला असेल, तर नवी रॅम टाकूनही सॉफ्टवेअर अडकू शकतं. विंडोजमध्ये फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच डिस्क निवडायची खिडकी येते. तिथे रिकामा ड्राइव्ह द्या, शक्यतो एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. पैसा लागत नाही. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स या भागात फोटोशॉपला किती मेमरी द्यायची तो आकडा मात्र शंभर टक्क्यांवर नेऊ नका, विंडोजलाच श्वास घ्यायला जागा उरत नाही.

रॅमचं गणित वेगळं. 10 बाय 20 फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयला (दर इंचाला 72 ठिपके), सीएमवायकेमध्ये (छपाईचे चार रंग) घेतला तर एकच पूर्ण लेयर सुमारे 600 एमबीचा होतो. असे सात-आठ लेयर झाले की 8 जीबी रॅमचं मशीन डिस्कवर जातं आणि रखडतं. इथे सेटिंग काही करू शकत नाही. रोज हेच काम असेल तर 16 जीबी कराच, फक्त लॅपटॉपमध्ये रिकामा स्लॉट आहे का ते आधी बघून घ्या.

अधूनमधून पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला मी रॅमचा खर्च सुचवणार नाही.