वाळूतली पावले: कामार्गच्या किनाऱ्याचे एक कृष्णधवल छायाचित्र

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदी जिथे भूमध्य समुद्राला मिळते, त्या कामार्गच्या किनाऱ्यावर टिपलेल्या एका छायाचित्राची जिलेटिन सिल्व्हर प्रत (चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या कागदावर डार्करूममध्ये काढलेली कृष्णधवल प्रत) मी गेल्या उन्हाळ्यात जवळच्या आर्ल शहरातील एका लहान कलादालनातून ६०० युरोंना विकत घेतली. आकार ३० बाय ४० सेंटिमीटर. रोज समोर असूनही ती जुनी वाटत नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

चित्रात माणूस नाही. अनवाणी पावलांची एक रांग आहे, तिच्या बाजूने काहीतरी जड ओढत नेल्याचा चर आहे आणि मध्येच कोणीतरी टेकून उठल्याचा पसरट खळगा आहे. जवळून पाहिले की टाचेचा खोल वर्तुळाकार दाब, चवड्याने मागे रेटलेल्या वाळूचा लहानसा उंचवटा आणि अंगठ्याची स्वतंत्र खूण असे सारे वेगवेगळे दिसते. या रांगेला आडवी जाणारी एक जुनी वाटही आहे, जिच्या कडा वाऱ्याने गोलावल्या असून तळाशी बारीक वाळू साचली आहे. फ्रान्सच्याच उत्तर किनाऱ्यावरील माँ-साँ-मिशेलच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरांपर्यंत जातो, त्यामुळे तिथल्या खुणा एका भरतीत पुसल्या जातात. इथे मात्र भरती नाममात्र असल्याने पाण्याच्या रेषेपलीकडच्या खुणा पुसण्याचे काम वारा सावकाश करतो, आणि म्हणूनच दोन वेळांची माणसे एकाच चौकटीत येऊ शकली.

छायाचित्रकाराने कललेला सूर्य समोर ठेवला आहे, त्यामुळे प्रत्येक ठशाची वरची कड काळी आणि खालची उजळ आली आहे. हा निर्णय फार महत्त्वाचा आहे, कारण प्रकाश वरून येतो असे आपली नजर गृहीत धरते. हेच चित्र उलटे धरले तर सगळे खळगे फुगवट्यांसारखे दिसू लागतात. खरेदीपूर्वी मी ते उलटे धरून पाहिले होते, आणि सुलटे करताच पावले पुन्हा वाळूत रुतली.

आर्लचेच छायाचित्रकार ल्युसियाँ क्लेर्ग यांनी वाळूवरील खुणांच्या निव्वळ छायाचित्रांतून, एकही शब्द न लिहिता, १९७९ मध्ये प्रोव्हान्स विद्यापीठात प्रबंध सादर केला होता. त्या परिसरात वाळूकडे कॅमेरा वळवणाऱ्याला ही तुलना टाळता येत नाही, आणि माझ्या मते हे चित्र तिला धीराने सामोरे जाते, कारण इथे वाळूच्या नक्षीपेक्षा माणसाच्या वजनाकडे लक्ष आहे.

प्रत बॅराइटा कागदावर, म्हणजे बेरियम सल्फेटचा पांढरा थर दिलेल्या छायाचित्रण-कागदावर आहे. सावल्या गडद असूनही त्यांच्या आतले वाळूचे कण दिसतात, आणि उन्हाने उजळलेल्या भागातही पोत हरवलेला नाही; डार्करूममध्ये संयमाने काम झाल्याखेरीज हे साधत नाही. तक्रार आहे ती दालनाने करून दिलेल्या चौकटीबद्दल. काच इतकी चकचकीत होती की गडद भागात समोरची खिडकीच दिसे, आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची किनार, घाईने कापल्यामुळे चित्राची उजवी कड जवळजवळ अर्धा सेंटिमीटर झाकली गेली होती. परावर्तन न करणारी काच आणि नवे माउंट यांचा खर्च मला वेगळा करावा लागला. माउंट बदलल्यावर त्या कडेला आणखी एक पाऊल निघाले, फक्त टाच टेकलेले, पुढचा भाग चौकटीबाहेर गेलेला.