माउंट कापायचंय? यंत्र राहू द्या, आधी पट्टी बघा

आमच्याकडे सून चित्रं रंगवते आणि माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती बसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, मी कापतो. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग बोर्डापुढे गेली, त्यामुळे वाकडी रेघ दिसली की मला अजूनही चैन पडत नाही. नौपाड्यात फ्रेमवाले आहेत, काम चोख करतात. पण दिवाळीच्या तोंडावर जावं तर पंधरा दिवसांची बोली, आणि माउंटला तिरका काप हवा म्हटलं की मजुरी वेगळी. कचराळी तलावाचं ए-फोर आकाराचं जलरंगातलं चित्र, त्याला चित्रापेक्षा महाग माउंट? म्हटलं, घरीच करू.

माउंट कापायचं पहिलं हत्यार ऑनलाइन मागवलं. साडेतीनशेच्या घरातलं, कंपनीचं नाव कुठे छापलेलंसुद्धा नाही. दिसायला झकास. पण पातं धरणारा स्क्रू प्लॅस्टिकच्या आट्यांत बसवलेला, त्यामुळे कितीही आवळा, पातं बोटानं हलतं. याचा परिणाम सरळ कापात कळत नाही, कोपऱ्यात कळतो. पातं बोर्डात शिरताना थोडं लवतं, मग सरळ होतं, आणि चित्र दिसायला माउंटात कापलेल्या खिडकीच्या चारही कोपऱ्यांत बारीकसा बाक उमटतो. फ्रेम भिंतीवर लागली की नजर आधी तिथेच जाते. ते हत्यार आता कुरिअरची खोकी फोडायच्या कामाला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे.

मग घेतला लोगन 2000. हातात धरून पट्टीच्या कडेनं पुढे ढकलत न्यायचा कटर. ओढायची सवय असेल तर त्याच कंपनीचा 4000 बघा. माझा हात ढकलण्यावर बसला, कारण ओढताना माझं कोपर टेबलाच्या कडेला आपटतं. याचं पातं घट्ट बसतं आणि किती खोल जावं ते ठरवता येतं. अंगावरची खूण रेघेशी जुळवली की कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं तेही कळतं. किंमत चार आकडी आहे, पण खर्च एकदाच.

थांबायचं कुठे, यातच सगळी मेख आहे. आपण मागच्या बाजूनं कापतो. बोर्ड साधारण दीड मिलिमीटर जाड, काप 45 अंशांचा, म्हणजे पुढच्या बाजूची खिडकी मागच्यापेक्षा प्रत्येक कडेला दीड मिलिमीटर मोठी निघते. म्हणून मागे आखलेल्या रेघेच्या दोन्ही टोकांना तेवढंच पुढे जायचं. कमी गेलात तर मधला तुकडा कोपऱ्यात अडकून राहतो, आणि ओढलात की कागद फाटतो. जास्त गेलात तर काप पुढून दिसतो. खाली माउंट बोर्डाचाच टाकाऊ तुकडा ठेवा आणि पात्याची खोली अशी लावा की त्या तुकड्यावर नुसता ओरखडा उमटेल.

आता पट्टी. शाळेच्या दप्तरातली स्टीलची फूटपट्टी इथे कामाची नाही, ती हलकी असते आणि कटरच्या रेट्यानं सरकते. जाड, जड, किमान दोन फुटी पट्टी हार्डवेअरच्या दुकानातून घ्या आणि पाठीमागे बारीक सँडपेपरची चिंधोटी चिकटवा. घेताना दुकानातच कागदावर तिच्या कडेनं रेघ ओढा, पट्टी उलटी करून त्याच रेघेला लावा. मध्ये फट दिसली तर परत द्या. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

पाती मात्र सढळ हातानं बदला. मी दोन खिडक्यांनंतर बदलतो. सून म्हणते, "बाबा, साबण संपेपर्यंत वापरता आणि पाती उडवता?" पण बोथट पातं बोर्डाच्या गाभ्याचे धागे उपसतं, आणि पांढऱ्या तिरक्या कडेवर ती लव दिसतेच. कुठलाही कटर घेण्याआधी त्याची सुटी पाती मिळतात का ते बघा. लोगन 2000 ला 270 नंबरची लागतात.

बोर्डाचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडे स्टेशनरीवाल्याकडे 22 बाय 28 इंची बोर्ड मिळतो. त्याचे चार तुकडे केले की 11 बाय 14 चे चार माउंट, शून्य कचरा, आणि त्या मापाची फ्रेम तयार मिळते. ए-फोर चित्राला मागून 20 बाय 28.5 सेंटिमीटरची खिडकी आखली तर बाजूंना जवळजवळ चार सेंटिमीटर काठ राहतो. वर 3.3 आणि खाली 3.7 ठेवा, चित्र खाली घसरल्यासारखं वाटत नाही. आतून निघालेला तुकडा पोस्टकार्डाच्या मापाच्या चित्राला होतो. बोर्ड आम्लरहित आहे का ते मात्र विचाराच, नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात आणि तो पिवळेपणा चित्रातही उतरतो.

ठाण्याच्या पावसाळ्यात एक जास्तीचं लचांड. बोर्ड दमट होऊन वाकतो आणि वाकलेल्या बोर्डात पातं कुठे खोल, कुठे उथळ जातं. आमचे बोर्ड जून ते सप्टेंबर दिवाणाच्या गादीखाली असतात. पाहुणे झोपले तर आणखी सपाट होतात.

लोगनचंच कॉम्पॅक्ट म्हणून 32 इंची फळीवर बसवलेलं यंत्रही आहे. आपला पूर्ण बोर्ड त्यात आरामात मावतो, कटर रुळावरून जातो, हात चुकायची भीती कमी. पण किंमत पाच आकडी, आणि दोन खोल्यांच्या घरात ते ठेवायचं कुठे? प्रदर्शनासाठी एका मापाचे चाळीस-पन्नास माउंट लागणार असतील तर दोघा-तिघांनी मिळून घ्या. वर्षाला दहा-बारा चित्रं लावणाऱ्यानं हातातला कटर, जड पट्टी, पात्यांची एक डबी आणि खाली अंथरायला ए-टू आकाराची कटिंग मॅट एवढंच घ्यावं. लोगन 2000 ला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो डावखुऱ्यांसाठी, कारण आमच्या नातवाला तो कटर काही केल्या जमत नाही.