तीन लढाया आणि एक करवंटी : देवबागचा पावसाळी मुक्काम

पावसाळ्यात देवबागला सहसा कोणी फिरकत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, यांत्रिक मासेमारीला ३१ जुलैपर्यंत बंदी असते आणि कर्लीची खाडी व समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारख्या पसरलेल्या या गावात दोन्ही अंगांनी पाण्याचाच आवाज येत राहतो. नेमक्या याच रिकाम्या दिवसांत तिथल्या एका घरगुती निवासाने दोन दिवसांचा मुक्काम सुरू केला आहे. त्यात राहणे आणि जेवण तर आहेच, शिवाय डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन, बोलत आणि फासे टाकत पुढे न्यायच्या साहसकथेचा, सलग खेळ आहे, आणि तो घरातलाच तिशीचा मुलगा सूत्रधार होऊन, म्हणजे गोष्ट सांगत आणि शत्रूंच्या बाजूने खेळत, चालवतो. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही कुडाळहून पाच जण गेलो : मी, माझा मावसभाऊ, कॉलेजात जाणारी पुतणी आणि कार्यालयातले दोन सहकारी. माणशी तीन हजार रुपये घेतले. निवासाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही लिहायची आहे आणि सारा कारभार आई व मुलगा अशी दोनच माणसे पाहतात.

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याचे मूळ टेबलावर सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढायच्या युद्धखेळांत आहे, आणि म्हणूनच की काय, त्याच्या नियमांचा मोठा भाग आजही लढाईने व्यापलेला असतो. गंमत अशी की, आमच्या कुडाळच्या बैठकीत नेमकी लढाईच सर्वांत कंटाळवाणी होते. गावकऱ्यांशी बोलणे, तळघर धुंडाळणे, राजाला फसवणे हे सगळे रंगते. मात्र सूत्रधाराने ‘इनिशिएटिव्ह टाका’ म्हटले, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांचा क्रम ठरवणारे फासे टाकायला सांगितले, की एक जण चहा टाकायला उठतो आणि दुसरा मोबाइल काढतो. त्यामुळे देवबागला जाताना माझ्या मनात एकच प्रश्न होता : या मुलाला लढाई चालवता येते का? या लेखात मी तेवढेच तपासणार आहे.

पहिली लढाई शनिवारी दुपारी झाली आणि ती इतकी चांगली झाली की तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. पडवीतल्या लांब बाकावर त्याने खाकी कागद अंथरला, त्यावर खाडीच्या मुखाशी असलेला एक पडका बुरूज रेखाटला आणि कागदाच्या कडेला जाळ्याची निळी नायलॉनची दोरी आडवी टाकली. अंधार पडायच्या आत बुरुजावरचा दिवा पेटवायचा, नाहीतर माणसांनी भरलेले गलबत खडकावर आपटणार, एवढेच काम होते. मध्ये सहा गॉब्लिन (खुजे, चपळ राक्षस) आणि बुरुजाच्या दारात एक ऑगर (धिप्पाड राक्षस). गॉब्लिनांच्या जागी खडूने डोळे काढलेल्या काजूच्या बिया होत्या, आमच्या जागी शिंपले आणि ऑगर म्हणून एक करवंटी. दर फेरीच्या शेवटी तो काही न बोलता निळी दोरी चार बोटे पुढे सरकवायचा. दोरीच्या अलीकडची जमीन पाण्याखाली गेली असे समजायचे, म्हणजे तिथून चालायला दुप्पट अंतर खर्ची पडणार. दुसऱ्या फेरीलाच आमच्या लक्षात आले की सगळ्यांना मारत बसलो तर दिव्यापर्यंत पोहोचणारच नाही. त्यानंतर पाचही माणसे कागदावर ओणवी झाली आणि चहाची आठवणही कोणाला राहिली नाही.

भरतीची युक्ती डोळ्यांत भरणारी होती, पण लढाई वेगाने चालली ती त्याच्या बारीकसारीक सवयींमुळे. पाळ्यांचा क्रम त्याने एका वेगळ्या दोरीला कपड्यांचे चिमटे लावून सर्वांना दिसेल असा टांगला होता आणि एकाची पाळी चालू असतानाच तो पुढच्याला सावध करत असे. “बाय गो, ह्याच्यानंतर तुझी पाळी. काय करतलंस ता ठरवन ठेव,” असे त्याने माझ्या पुतणीला दोनदा बजावले, तिसऱ्यांदा बजावावे लागले नाही. वाराचा वीसबाजू फासा आणि इजेचा फासा त्याने एकदमच टाकायला लावले. गॉब्लिनाच्या वाराची इजा पुस्तकात सरासरी पाच अशी छापलेली असते, ती त्याने तशीच वापरली; प्रत्येक काजूबीसाठी फासे खुळखुळवत बसला नाही. गॉब्लिनांना एक वार करून त्याच पाळीत लपण्याची किंवा निसटण्याची मुभा असते, तिचा उपयोग करून ते पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येत होते. त्यामुळे अवघ्या सात हिट पॉइंटचे, म्हणजे सातची इजा झाली की संपणारे, ते प्राणी आम्हाला हैराण करून गेले.

ऑगरचे हिट पॉइंट ५९ असतात. ते निम्म्याखाली आले तेव्हा त्याने सुलटी ठेवलेली करवंटी उपडी केली. निम्म्यावर आलेल्याला सर्वांदेखत घायाळ ठरवण्याची ही रीत २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नियम म्हणून होती, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतून ती गेली आणि २०२४ च्या सुधारित नियमांत परत आली. आम्ही खेळत होतो ते २०१४ चे नियम, म्हणजे करवंटी ही त्याची स्वतःची भर. करवंटी उपडी होताच ऑगरने दार अडवायचे सोडून आतला जिना फोडायला घेतला आणि लढाईचा रोखच बदलला. तो पडल्यावर उरलेले दोन गॉब्लिन पळून गेले. १९८१ च्या प्राथमिक संचात शत्रूचा धीर खचला की नाही हे दोन सहाबाजू फाशांवर ठरत असे, ते नव्या खेळाडूंना ठाऊक नसते. पळणाऱ्याला पळू दिले की शेवटची अर्धी रटाळ घटका वाचते. पाचव्या फेरीत दिवा लागला. घड्याळात पाहिले तर जेमतेम पन्नास मिनिटे झाली होती.

माझा मावसभाऊ जत्रांतून दशावतार पाहत वाढलेला आहे. ऑगरवर शेवटचा वार त्याचा बसला तेव्हा सूत्रधाराने “कसो पाडलास, सांग” एवढेच विचारले, आणि आमचे हे महाशय बाकावर एक पाय ठेवून असे काही कडाडले की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. मला ते अगदी योग्य वाटले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ते उभ्या उभ्या रचले जातात. दोन राजांची तलवारबाजी झांज-मृदंगाच्या ठेक्यावर चटकन आटोपते आणि त्याआधीचा शब्दांचा खणखणाट मात्र उत्तररात्रीच्या पेंगुळलेल्या प्रेक्षकाला जागा ठेवतो. फाशावर आलेला आकडा कोणी मोठ्याने वाचून दाखवला म्हणजे लढाई झाली असे मानणाऱ्या सूत्रधारांनी एकदा वालावल किंवा आंदुर्ल्याकडच्या जत्रेत रात्र काढावी, असे मी गमतीने म्हणतो, पण पुरते गमतीने नाही.

आता तक्रार. रविवारी सकाळी जांभ्याच्या गुहेत आम्हाला एकच ट्रोल, म्हणजे जखमा आपोआप भरून येणारा दांडगा राक्षस, भेटला आणि त्याच मुलाने, त्याच बाकावर, आमचे अडीच तास घेतले. ट्रोलचे हिट पॉइंट ८४, आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) १५, आणि आगीचा किंवा आम्लाचा मार बसला नाही तर आपल्या प्रत्येक पाळीच्या आरंभी तो दहा हिट पॉइंट भरून काढतो. आमचे पाचही जण तिसऱ्या पातळीचे. पंधराला लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक आणि एका वाराची इजा सरासरी आठ धरली, तर एका फेरीत पाच जण मिळून साधारण बावीसची इजा करतात. त्यातले दहा तो परत मिळवतो. हिशेब सोपा आहे : सात फेऱ्या. फेरीला पंधरा मिनिटे धरली तर पावणेदोन तास केवळ फासे टाकण्याचे, आणि त्यात बेशुद्ध पडलेल्यांना उठवण्याचा घोळ वेगळा. हा हिशेब सूत्रधाराने आदल्या रात्री कागदावर मांडायला हवा होता.

त्याहून मोठी चूक पुतणीच्या बाबतीत झाली. तिसऱ्या फेरीत तिचे पात्र कोसळले. मृत्यूशी झगडण्याचे तीन फासे यशस्वी पडून ते स्थिर झाले, म्हणजे नियमाप्रमाणे कोणी उपचार करीपर्यंत तिला करण्यासारखे काहीच उरले नाही, आणि आमच्याकडचे उपचार संपलेले होते. पाऊण तास ती पागोळ्या मोजत बसली. कोसळण्याआधी तिने कमरेच्या बुधल्यातले तेल ट्रोलवर ओतून पेटवू का, असे विचारले होते. त्यावर ‘गुहा ओली आहे, पेटणार नाही’ हे उत्तर मिळाले. खरे तर नियमांत पेटत्या तेलाची इजा पाच आहे आणि जळत्या पलित्याची एक. ट्रोलची भरपाई पुढच्या पाळीपुरती थांबवायला ती एकसुद्धा पुरते. खेळाडूला सुचलेला एकुलता एक मार्ग बंद केल्यावर लढाईत उरते ती आकड्यांची वजाबाकी. गुहेत ना भरती होती, ना जिना, ना वाचवायचे गलबत. ट्रोल मरेपर्यंत मारायचे, बस्स.

जेवताना मी हे स्पष्टपणे बोललो. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पानात असताना तक्रार करणे अवघड जाते, तरी बोललो. त्याने तोंड वाकडे केले नाही. “काकानू, माका वाटला एकटो मोठो राक्षस म्हणजे मजा येतली,” असे म्हणून त्याने माझा हिशेब वहीत उतरवून घेतला. पाच जणांविरुद्ध एकटा शत्रू असला की आमच्या पाच पाळ्यांमागे त्याची एकच येते, हे सांगितल्यावर तर त्याने कपाळाला हात लावला. थर्टीन्थ एज या २०१३ च्या खेळातली एक युक्तीही मी सांगितली : दुसऱ्या फेरीपासून टेबलाच्या मध्यावर एक सहाबाजू फासा एकावर ठेवायचा, दर फेरीला तो एकाने वाढवायचा आणि तेवढी भर नायकांच्या प्रत्येक वारात घालायची, म्हणजे लढाई लांबली तरी वार अधिकाधिक लागत जातात.

संध्याकाळच्या छोट्या लढाईत त्याने तो फासा ठेवला, शत्रू तीन केले आणि पुतणीला सुरुवातीलाच तेलाचे दोन बुधले दिले. मधेच वीज गेली. कंदिलाच्या उजेडात फासे वाचायला त्रास झाला, तरी पंचवीस मिनिटांत सगळे आटोपले आणि दोन्ही बुधले सत्कारणी लागले.

खोल्या स्वच्छ आहेत, अंथरुणे पावसामुळे दमट. बंदीमुळे ताजी मासळी फारशी नव्हती, पण सुक्या बांगड्याची चटणी आणि कुळथाची पिठी यांच्यापुढे कोणी तक्रार केली नाही. स्वतःचे फासे आणि बॅटरी न्यावी. कुडाळ स्थानकावरून मालवण गाठून पुढे देवबागला रिक्षा मिळते, फक्त पावसात भाडे आधी ठरवावे. गणपतीनंतर पर्यटक वाढले की हा मुक्काम बंद होतो, म्हणून आम्ही नारळी पौर्णिमेनंतरचा शनिवार आताच सांगून ठेवला आहे. करवंटी असावी आणि ट्रोल नसावा, या अटीवर.