‘वीस किलोचा रॉड’ घेण्याआधी

रत्नागिरीत गरवणारी, म्हणजे गळाने मासे धरणारी, पोरं हल्ली रॉड हातात घेतला की पहिलं विचारतात, “किती किलोचा?” विकणारे याच प्रश्नावर जगतात. रॉडवर माशाचं वजन लिहिलेलं नसतंच. मुठीच्या वर दोन आकडे छापलेले असतात : किती पौंडांची लाइन लावायची आणि किती ग्रॅमचं ल्युअर (खोटं आमिष) किंवा शिसं फेकायचं. २० पौंड म्हणजे जेमतेम नऊ किलो, तेही लाइन तुटण्याचा ताण. त्यातही रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा ब्रेक) या ताणाच्या चौथाई-तिहाईवर लावतात, म्हणजे दोन-तीन किलोवर. मासा लाइन ओढत पळतो, दमतो, मग आपण घेतो. ‘वीस किलो उचलतो’ ही थाप आहे, आणि ती मला साडेचार हजारांना पडली.

मोबाइलवर जाहिरात करणाऱ्या एका विक्रेत्याला मी सगळं लिहून कळवलं होतं. भाट्याच्या खाडीत तांबोशी माशासाठी हवाय, खडपावर उभं राहून फेकणार, रीलवर २० पौंडी ब्रेड (बारीक तंतू विणून केलेली लाइन), ल्युअर २० ते ३० ग्रॅमचे. लगेच उत्तर. “दादा, तुमच्यासाठीच ठेवलाय एक. १० ते ५० ग्रॅम, ९९ टक्के कार्बन, लाइन ओवायला सिरॅमिक रिंगा. वीस किलोचा मासा आरामात.” माणूस आपल्याच जिल्ह्यातला, बोलणं गुळासारखं. पैसे आधी घेतले, रॉड कुरिअरने आला. मुठीच्या वर सोनेरी स्टिकर, त्यावर त्याने सांगितलेलेच आकडे.

पहिल्याच भरतीला रॉड बांबूसारखा वाटला. फेकताना ल्युअरच्या वजनाने रॉड मागे वाकायला हवा, त्या वाकण्यातूनच फेक लांब जाते. हा २५ ग्रॅमला हलतच नव्हता. ल्युअर समोरच पडायचं. मासा लागला तरी सुटायचा, कारण ब्रेड जवळपास ताणली जातच नाही. तंगूस (नायलॉनची लाइन) ताणलं जातं, धक्का सोसतं. ब्रेडवर तो धक्का रॉडच्या शेंड्याने सोसायचा असतो. इथे शेंडाच ताठ, मग माशाचं तोंड फाटतं नाहीतर गळ निसटतो.

पुढे एक चांगली तांबोशी लागली. ती तिवरांच्या मुळांकडे वळली, मी अडवायला गेलो आणि ब्रेड तुटली. मुळांना घासून नव्हे, रॉडवरच, वरच्या रिंगेपाशी. टोकाला पिंजलेल्या कापसासारखे तंतू. घरी येऊन कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगेतून फिरवली. वरच्या रिंगांत कापूस अडकला. उजेडात धरलं तर आत केसाएवढी चर दिसली. नखाने खरवडल्यावर काळा रंग निघाला आणि खाली चकचकीत पत्रा. सिरॅमिक म्हणून रंगवलेलं साधं लोखंड! ब्रेड अशा मऊ धातूला करवतीसारखी कापते आणि मग त्याच चरीत स्वतः कापली जाते.

खाऱ्या पाण्याने तोवर स्टिकरची कड उचलली होती. गरम पाण्याचं फडकं ठेवून सोलून काढला. खाली मूळ छपाई : १०० ते २५० ग्रॅम. म्हणजे किनाऱ्यावरून जड शिसं टाकून तळाला बसायचा रॉड.

राहिला कार्बन. बुडाची रबरी टोपी काढून नागड्या कडेवर मल्टीमीटरची दोन्ही टोकं टेकवली. कार्बन वीज वाहतो, फायबर ग्लास वाहत नाही. रंगावर टेकवाल तर काहीच कळणार नाही, कापलेली कडच हवी. मीटर मुका. (मृगाच्या गडगडाटात कोणताही रॉड घेऊन खडपावर उभे राहू नका, विजेच्या तारांखालीही फेकू नका, खरा कार्बन असेल तर मुळीच नाही.)

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणाला, “कंपनीकडूनच असा येतो.” कंपनी कोणती, तर उत्तर नाही, आणि संध्याकाळी नंबर ब्लॉक. वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, छापील किंमत नाही. बाहेरून आलेल्या मालावर हे दोन्ही छापणं कायद्याने बंधनकारक आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. विक्रेत्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. यासाठी मोबाइलवरचं सगळं बोलणं जपा, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि स्टिकर सोलण्याआधी व सोलल्यावर दोन्ही फोटो घ्या.

नवा रॉड मी रत्नागिरीतच दुकानात जाऊन घेतला. माझं रील आणि ल्युअर बरोबर नेलं, शेंडा दुकानदाराला धरायला लावून वाकवून पाहिला, छपाईवर नख फिरवलं. १५ ते ४० ग्रॅम, १० ते २० पौंड. दुकानदार जरा वैतागला, वैतागू दे.

जुना शेजारच्या काकांनी नेला. ते मिऱ्यावर जाड तंगूस आणि दीडशे ग्रॅमचं शिसं लावून शेंगट्या काढतात. म्हणतात, “झकास आहे रे, तू उगाच नावं ठेवतोस.”