पार्किन्सनची गोळी लवकर उतरायलीय? गोळ्या, पंप का डीबीएस

पार्किन्सनचं असं असतं की पहिली काही वर्षं गोळीवर माणूस मस्त राहतो, शेतात जातो, लग्नकार्य करतो, अन् मग तीच गोळी दोन-अडीच तासात उतरायला लागते. हात थरथरायलेत, पाय जमिनीला चिकटलेत, रात्री कूस बदलता येईना. अशा वेळी पाव्हणे-रावळे सल्ले घेऊन येतातच. कुणी म्हणतं हैदराबादला डोक्यात तार घालतात ते (डीबीएस) करून टाका, कुणी म्हणतं आता पंप निघालाय, अन् एखादा खाजकुहिलीचं चूर्ण पुडीत बांधून घेऊनच येतो. आमच्या मामांच्या पायी हे सगळं ऐकून झालंय म्हणून लिहायलोय. मी डॉक्टर नाही, पण न्यूरोच्या डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं एवढं तर कळेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, गोळी उतरायलीय म्हणजे औषध निकामी झालं असं नाही. मेंदूत हालचाल सांभाळणारं डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं पण सरळ डोपामाइन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही, म्हणून लेवोडोपा देतात, ते आत शिरतं अन् आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. वाटेतच ते खर्च होऊ नये म्हणून जोडीला कार्बिडोपा. आता ह्या लेवोडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात अर्ध्यावर येतं. सुरुवातीला मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामाइन साठवून पुरवून वापरतात म्हणून ते जाणवत नाही, पेशी कमी झाल्या की साठवण संपते अन् मग गोळी चढली की माणूस चढतो, उतरली की उतरतो. म्हणजे भांडण औषधाशी नाही, ते पोचण्याशी आहे. तिन्ही पर्याय मी ह्याच नजरेनं बघतो.

गोळ्यांचंच वेळापत्रक बसवणं हा सगळ्यात स्वस्त रस्ता अन् माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिलेला. लेवोडोपा पोटात नाही, छोट्या आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं, म्हणून पोट रिकामं व्हायला वेळ लागला की गोळी तिथंच अडकून बसते, अन् बद्धकोष्ठता तर ह्या आजारात घरोघरी असते. त्यात प्रोटीन. वरण, पिठलं, दूध, मटण ह्यातून निघणारी अमिनो अ‍ॅसिड अन् लेवोडोपा एकाच दारातून आत जातात, आतड्यातही अन् मेंदूच्या वेशीवरही, अन् गर्दीत लेवोडोपा मागं राहतं. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नाहीतर जेवण झाल्यावर तासाभरानं, पाण्याबरोबर. आपल्याकडं सगळी औषधं जेवल्यावर घ्यायची सवय, तिथंच घोळ होतो. रक्तवाढीची लोहाची गोळी असेल तर तीही लांब ठेवा, दोन तासांचं अंतर बरं.

मळमळ होत असेल तर पाकिटावर बघा. ११० च्या गोळीत १०० लेवोडोपा अन् फक्त १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं, १२५ च्या गोळीत २५. शरीराला दिवसाकाठी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं, तर ११० च्या तीन गोळ्यांत ते होतं ३०, मग मळमळणारच ना. डॉक्टरला विचारून बदलता येतं. पण मळमळ होतीय म्हणून गावातल्या दवाखान्यात मेटोक्लोप्रामाइडची सुई टोचून घेऊ नका, ते डोपामाइनच अडवतं. चक्करसाठी सर्रास देतात ते सिनारिझिन अन् फ्लुनारिझिन पण तसलंच, ह्यांच्यामुळं आजार नसलेल्या माणसालाही पार्किन्सनसारखी लक्षणं येतात.

एवढं करून भागलं नाही तर डॉक्टर डोस लहान करून जास्त वेळा देतात, लेवोडोपा जास्त वेळ टिकवणारं एन्टाकापोन जोडतात (लघवी केशरी होते, घाबरू नका), नाहीतर मेंदूतलं डोपामाइन टिकवणारं रसाजिलिन, साफिनामाइड.

खाजकुहिलीचं सांगायचं तर ती थाप नाही, बियांत खरंच लेवोडोपा असतं, बोलिव्हियात १८ पेशंटवर गोळीशी तुलना करून बघितलंय, २०१७ ला छापून आलं, अन् असर दिसला. पण पुडीत किती आहे ते पुडीवाल्यालाही माहीत नसतं, अन् गोळीवर वरून चूर्ण म्हणजे डोसावर डोस, मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं. घ्यायचंच असेल तर डॉक्टरला सांगून घ्या.

पंप म्हणजे इथं अ‍ॅपोमॉर्फिनचा पंप. नावात मॉर्फिन असलं तरी त्याची नशा नाही की व्यसन नाही, ते डोपामाइनचं काम सरळ करणारं औषध आहे. पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, कमरेला छोटा पंप, सकाळी लावायचा, झोपताना काढायचा. पोट, आतडं, वरण-भाकरी सगळं बाजूला राहतं, हीच त्याची गंमत. २०१८ च्या टोलेडो नावाच्या चाचणीत १०७ पेशंट होते, पंपवाल्यांचा बंद पडण्याचा (औषध उतरून हालचाल अडण्याचा) वेळ दिवसाला साधारण अडीच तासांनी घटला, पंपातून नुसतं मिठाचं पाणी दिलेल्यांचा अर्ध्या तासानं. चांगलंय, पण सुईच्या जागी गाठी येतात, बीपी उतरतं, मळमळ होते, काहींना भास होतात. अन् ह्याच्यासोबत ओन्डान्सेट्रॉन चालत नाही, जे आपल्याकडं उलटीला पहिलं देतात. मुख्य म्हणजे रोज सकाळी सुई लावणारं, न कंटाळणारं माणूस घरात पाहिजे. पोरं पुण्याला अन् म्हातारा-म्हातारी गावाकडं असं असेल तर मी पंपाच्या भानगडीत पडणार नाही, औषधाचा खर्चही दर महिन्याला चालूच राहतो.

डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत खोल करंट देणं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला डॉक्टर बेनाबिद ह्यांनी १९८७ ला सुरू केलं, आता पुणे-मुंबई, हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये पण होतं. मेंदूत खोल दोन बारीक तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. ह्यात औषध पोचवायचा प्रश्नच बराचसा टळतो, करंट चोवीस तास चालू, गोळ्याही बऱ्याच कमी होतात. २०१३ च्या अर्लीस्टिम चाचणीत २५१ पेशंट होते, सगळे साठीच्या आतले, दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांच्या जगण्याचा दर्जा २६ टक्क्यांनी सुधारला, नुसत्या औषधवाल्यांचा होता तिथंच राहिला. पण ह्या आकड्यावर पंच्याहत्तरीच्या आजोबांना नेऊ नका. साधा नियम असा की गोळी पूर्ण चढल्यावर पेशंट जसा असतो, डीबीएस साधारण तेवढंच देतं, फक्त दिवसभर देतं. चढलेल्या वेळीसुद्धा तोल जातो, बोलणं कळत नाही, विसरायला होतं, तर ते ऑपरेशननं सुधारणार नाही, विसरणं तर वाढू शकतं. अपवाद कंपाचा, गोळीला दाद न देणारा कंप पण थांबू शकतो.

खर्च दहा लाखांच्या आसपास नाहीतर वरच. साधी बॅटरी तीन-पाच वर्षांत बदलावी लागते, चार्जिंगची पंधरा वर्षं जाते पण नियमित चार्ज करायची, त्यामुळं लोडशेडिंगच्या गावात हे आधी बोलून घ्या. शंभरातल्या एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होतो, इन्फेक्शन त्याहून जास्त जणांना. अन् दोन गोष्टी आपल्या भागातल्या माणसानं मुद्दाम ऐकाव्यात. गुडघ्याला मशीनचा शेक घेतात ना, तो शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक डीबीएसवाल्याला जिवावर बेतू शकतो, फिजिओवाल्याला आधीच सांगायचं. दुसरं, झुरिकच्या डॉक्टरांनी ९ पेशंट नोंदवले ज्यांना आधी पोहता येत होतं अन् डीबीएस नंतर येईना, म्हणून जन्मभर विहिरीत उड्या मारलेल्या गड्यानं एकट्यानं पाण्यात उतरू नये. ऑपरेशननंतर करंट जुळवायला पहिले काही महिने परत परत जावं लागतं, नांदेडवाल्याला हैदराबाद बरं, संभाजीनगरवाल्याला पुणे, बीड-धाराशिववाल्यांनी गाडीभाडं धरूनच हिशोब करावा. सरकारी योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारून लेखी घ्या, तोंडी नको.

म्हणून साठीच्या आतबाहेरचा पेशंट, डोकं शाबूत, गोळी चढल्यावर झक्कास चालतो पण दिवसातले तीन-चार तास बंद पडतो, त्यानं डीबीएसची तपासणी करून घ्यावी, उगाच वर्षं घालवू नयेत. वय झालंय किंवा ऑपरेशनला मन धजत नाही, भास होत नाहीत अन् घरात हाताशी माणूस आहे, तर पंप. बाकी सगळ्यांनी आधी वेळापत्रक. कुठंही जायच्या आधी आठवडाभर एका वहीत लिहा, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता अन् काय, कधी चढली, कधी उतरली, अंग वेडंवाकडं कधी हललं, अन् मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा, एक चढलेला, एक उतरलेला, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर नेमकं तेव्हाच पेशंट एकदम ठणठणीत असतो.